मुलीला निवासी बॅले शाळेत पाठवावं का?

वसुधा_रेडिंग:
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात असतो. लेक दहा वर्षांची, अगदी लहानपणापासून बॅलेला जाते. आतापर्यंत तो शनिवारचा कार्यक्रम होता: घट्ट अंबाडा, गुलाबी मोजे, वर्षाकाठी एक परीक्षा आणि कोल्हापूरला आजीला पाठवायचे व्हिडिओ. आता तिच्या बाई म्हणतात, पूर्णवेळ शाळेची ऑडिशन द्या. म्हणजे अकराव्या वर्षापासून वसतिगृह, अभ्यास आणि नाच एकाच ठिकाणी, घरी यायचं ते सुट्टीत.

इथली सगळ्यात नावाजलेली शाळा म्हणजे रॉयल बॅले स्कूल. धाकटी मुलं रिचमंड पार्कातल्या व्हाइट लॉजमध्ये असतात, सोळानंतरची कॉव्हेंट गार्डनला. थोरल्यांच्या इमारतीतून थेट ऑपेरा हाऊसमध्ये जायला रस्त्याच्या वरून एक पीळ घातलेला पूल आहे. लेकीने तो पाहिलाय आणि तेव्हापासून तिला दुसरं काही दिसत नाही.

मी मात्र भलतंच वाचत बसले. सप्टेंबर २०२३ मध्ये बीबीसीच्या पॅनोरामाने इथल्या दोन मोठ्या शाळांवर कार्यक्रम केला. ५० हून अधिक माजी विद्यार्थी बोलले. वजनावरून टोमणे, वर्गासमोर अपमान, त्यातून जडलेले खाण्याचे आजार. शाळांनी अर्थात सांगितलं की मुलांचं भलं आम्ही गांभीर्याने घेतो. पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच आहे, आणि त्यासाठी कोणी दुष्ट असायचीही गरज नाही. मोठ्या बॅले शाळांची जुनी रीत अशी, की दरवर्षी मूल्यमापन आणि त्यात न बसणाऱ्याला पुढच्या वर्षी जागा नाही. अकराव्या वर्षी घेतलेली पोर तेराव्या वर्षी उंच झाली, रुंद झाली, की घरी. तिने काय चुकवलं? काहीच नाही.

कोणी हे जवळून पाहिलंय का? आपलं शास्त्रीय नृत्य शिकलेल्यांचंही ऐकायला आवडेल. नुसतं 'मुलांची स्वप्नं मारू नका' लिहिणार असाल तर ते आमच्या घरात रोज ऐकू येतंच.

उंटावरचा_शहाणा:
पहिला! बॅलेतलं मला एवढंच कळतं की चवड्यावर उभं राहायचं आणि शेवटी राजहंस मरतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

झेलम:
शहाणे, 'स्वान लेक'मध्ये राजहंस मरतो की नाही हे कोण बसवतंय त्यावर आहे. सोव्हिएत काळात शेवट गोड करून टाकला होता.

दादरकर:
अकराव्या वर्षी वसतिगृह? अहो, कोट्याला निदान दहावी झाल्यावर पाठवतात. आणि तिथून नापास होऊन आलेला मुलगा बी.एस्सी. करतो, बँकेत लागतो. इथून तेराव्या वर्षी काढलेल्या मुलीकडे काय उरतं?

व्हिएन्नाकर:
मी नाचाशी संबंधित नाही, फक्त शहरात राहतो, पण २०१९ साली इथे दुसरा विषय नव्हता. एप्रिलमध्ये 'फाल्टर' साप्ताहिकाने स्टेट ऑपेराच्या बॅले अकादमीचं प्रकरण बाहेर काढलं. ही शाळा आपली परंपरा १७७१ पासून सांगते. चौकशी समिती बसली, डिसेंबरात अहवाल आला. बारीक राहायचं तर सिगारेट ओढा, असा सल्ला मुलांना मिळत होता. हाक मारताना नावासोबत कपड्यांचं माप लावलं जात होतं. म्हणजे समजा 'अमुक, साईझ अडतीस, रांगेत ये'. वैद्यकीय देखरेख अपुरी, आणि वर रात्री ऑपेराच्या प्रयोगांत कामं.

अहवालातलं माझ्या डोक्यात बसलेलं वाक्य मी शब्दशः देत नाही, पण आशय असा होता की मुलांच्या हिताची जाणीवच संस्थेत नव्हती. 'दुर्लक्ष झालं' याच्या कितीतरी पुढची गोष्ट. इथले लोक हळहळले ते का, माहितीये? कारण ऑपेरा हा त्यांच्या घरचा देव्हारा आहे. (आणि तिकिटं कमी झाली नाहीत, हेही सांगतो.)

झेलम:
व्हिएन्नाकर +१. पॅरिसही मागे नाही. तिथली ऑपेराची बॅले शाळा १७१३ ची, चौदाव्या लुईच्या काळातली. २००२ मध्ये ऑपेराच्या कामकाजाची पाहणी झाली तेव्हा शाळेबद्दल 'मानसिक दहशत' असा शब्द आला होता. क्लोद बेसी तेव्हा संचालक होत्या, १९७२ पासून २००४ पर्यंत. बाईंनी घडवलेल्यांची यादी पाहिली तर डोळे दिपतात, आणि हीच तर अडचण आहे. निकाल चांगला लागला की पद्धत कोणी तपासत नाही.

शाळा संपली की सुटका, असंही नाही. पॅरिसच्या कंपनीत पाच पायऱ्या आहेत, आणि सगळ्यात वरचं एत्वाल पद सोडलं तर वर चढायला वर्षानुवर्षे परीक्षाच द्यावी लागत आली. तिशीतली बाई परीक्षकांपुढे एकटी नाचणार आणि मग फलकावर निकाल बघायला जाणार. बदल्यात एक गोष्ट मात्र चोख: ४२ व्या वर्षी पेन्शन. सरकारने ती काढायचं ठरवलं तेव्हा २४ डिसेंबर २०१९ ला मुली पॅले गार्निएच्या, म्हणजे ऑपेराच्या इमारतीच्या पायऱ्यांवर, डिसेंबरच्या थंडीत, 'स्वान लेक'चा भाग नाचल्या. संप असा करावा.

तत्कार:
मी कथक करते, शिकवतेही, म्हणून धागाकर्तीने बोलावल्यासारखं आले.

आधी थोडा विरोध नोंदवते. वरच्या प्रतिसादांत कडक शिस्त आणि छळ यांची सरमिसळ होतेय. माझ्या गुरुजींनी मला एकच तुकडा, म्हणजे बोलांची छोटी रचना, संध्याकाळभर करायला लावलाय, रडले तरी थांबवलं नाही. त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. जे अंगात मुरवायचं ते लहान वयातच मुरतं. चाळिशीत कोणी येऊन म्हणालं की मला तयारीचा कलाकार व्हायचंय, तर मी प्रेमाने खोटं बोलत नाही.

पण फरक कुठे आहे सांगते. गुरुजी माझ्या लयीवर ओरडले, आळसावर ओरडले. लय सुधारता येते. 'तुझा खुबा चुकीचा आहे' असं ते कधी म्हणाले नाहीत, कारण कथकला तसा ठराविक खुबा लागतच नाही. पाय जमिनीवर सपाट, गुडघे सरळ, शरीर गोलमटोल असलं तरी अभिनयाला साठीतही टाळी पडते. बॅलेत आधी शरीर निवडतात आणि मग त्याला नाच शिकवतात. पीटर्सबर्गची वागानोवा अकादमी घ्या. १७३८ सालची. दहा वर्षांची मुलं चाचणीला आली की पहिल्यांदा नाचायला सांगत नाहीत. पाय किती वर जातो, मान किती लांब, पाऊल किती वाकतं ते हातात धरून बघतात. मी त्याला वाईट म्हणत नाही. त्या सौंदर्यदृष्टीला ते लागतं. पण मग त्याला गुणवत्ता म्हणू नका, निवड म्हणा.

उंटावरचा_शहाणा:
आमच्यात मुलगी बघायला जायचे तेव्हा चालून दाखव म्हणायचे, तीच ही अकादमी ना?

तत्कार:
शहाणे, हसू आलं, पण हो.

कडुनिंब:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंग्लंडातच. नाचणारी मुलं येत असतात, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

तत्कार यांनी खुब्याचं काढलं ते बरं झालं. पावलं बाहेरच्या बाजूला वळवून उभं राहणं हा बॅलेचा पाया, त्याला टर्नआउट म्हणतात. हे वळण खुब्यातून यायला हवं. पण सांध्यात मांडीचं हाड कोणत्या कोनात बसलंय हे बऱ्याच अंशी जन्मतःच ठरतं. ज्यांना कमी मिळालंय ती मुलं काय करतात? पावलं जमिनीवर घट्ट रोवतात आणि उरलेलं वळण गुडघ्यातून, घोट्यातून पिळून काढतात. आरशात सुरेख दिसतं. बाई खूश. दोन-चार वर्षांनी तीच मुलं गुडघा आणि नडगी धरून माझ्याकडे.

चवड्याच्या टोकावरचे शूज, पॉइंट, हे साधारण अकरा-बारानंतर, आणि तेही ताकद तयार असेल तर. पावलाची हाडं पक्की व्हायला किशोरवय उलटावं लागतं. घाई करणारी शाळा म्हणजे धोक्याची घंटा. चांगल्या जागी नुसतं वय विचारत नाहीत, घोट्याची आणि पोटाची ताकद तपासतात.

आता खाणं. यात 'बारीक दिसायचा नाद' म्हणून सोडून देण्यासारखं काही नाही. खर्च होतो त्या मानाने पोटात गेलं नाही तर शरीर एकेक खर्च बंद करतं. आधी पाळी थांबते किंवा येतच नाही, मग हाडं ठिसूळ होतात, मन कोमेजतं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने याला रेड-एस असं नाव दिलं, मुलग्यांनाही ते होतं हे मान्य करून. हाडांची बहुतेक साठवण विशीच्या आसपास पुरी होते. म्हणजे नेमकी जी वर्षं या शाळांत जातात, तीच. पावलाच्या हाडाला ताणाचं फ्रॅक्चर घेऊन सतरा वर्षांची मुलगी येते, मी पाळीबद्दल विचारते, ती सहज सांगते, 'आमच्या वर्गात फारशी कोणाला येत नाही.' तिला त्यात काही विचित्र वाटत नाही. मला या व्यवसायात सगळ्यात जास्त भीती त्या सहजपणाची वाटते.

सगळंच काळं आहे असं नाही. लोझानची प्री द लोझान ही १९७३ पासूनची स्पर्धा, जिथून मोठ्या शाळांच्या शिष्यवृत्त्या मिळतात, ती स्पर्धकांची वैद्यकीय माहिती आधीच मागवते आणि प्रकृती धोक्यात वाटली तर उतरू देत नाही. नियम असले की फरक पडतो.

झेलम:
वजनावरून आठवलं. मॉस्कोच्या बोल्शॉय बॅलेने २००३ मध्ये अनास्तासिया वोलोच्कोवा या नर्तकीला काढून टाकलं, जड आहे, जोडीदाराला उचलवत नाही म्हणून. बाई कोर्टात गेली आणि जिंकली. जोडीदाराला व्यायामशाळेत पाठवायचं कोणाला सुचलं नाही.

दादरकर:
कडुनिंब, तुमचा प्रतिसाद वाचून बायकोलाही वाचायला दिला. आमची भाची इथे मुंबईत बॅलेला जाते, तिच्या पॉइंट शूजची किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. ते लाकडाचे असतात का हो? इतके महाग का?

सई_जर्सी:
दादरकर, लाकूड नसतं. पुढचा टणक डबा कापड, कागद आणि खळ यांच्या थरांचा, वरून सॅटिन. हाताने बनवतात. लंडनची फ्रीड ही १९२९ पासूनची कंपनी, तिथल्या प्रत्येक कारागिराची स्वतःची खूण असते आणि ती तळव्यावर छापलेली असते. नर्तकी वर्षानुवर्षे एकाच कारागिराचे जोड घेतात. तो निवृत्त झाला की सुतक. आणि इतकं करून मोठ्या कंपनीतली प्रमुख नर्तकी एका प्रयोगात एक जोड संपवू शकते. नवे कोरे जोड आल्यावर आधी त्यांना जिन्यावर आपटतात, दाराच्या फटीत चेपतात, तळवा वाकवून मोडतात, टोकाला टाके घालतात. माझ्या लेकीच्या क्लासबाहेर बसलं की आतून सुतारकाम ऐकू येतं.

रंगाचंही एक आहे. 'त्वचेचा रंग' म्हणून जो गुलाबी विकला जायचा तो कोणाच्या त्वचेचा हे न बोलता कळायचं. सावळ्या मुली मेकपचं फाउंडेशन बुटांना फासायच्या. फ्रीडने बॅले ब्लॅक या नृत्यकंपनीबरोबर तपकिरी जोड काढले ते २०१८ मध्ये. वसुधा, तुमच्या लेकीला हे आताच माहीत असलेलं बरं.

वसुधा_रेडिंग:
सई, तिला माहितीये. मोज्यांचा रंग आणि तिच्या हातांचा रंग एक नाही हे तिने सहाव्या वर्षीच विचारलं होतं. बाईंनी 'रेषा सलग दिसायला हवी' असं उत्तर दिलं. ती म्हणाली, मग माझे हात पण रंगवणार का?

उंटावरचा_शहाणा:
पोरीला बॅले नको, वकिली द्या.

दादरकर:
थोडा उलट्या बाजूने विचार करतो, नाहीतर सगळे एका सुरात गायला लागलेत. क्यूबात आलिसिया आलोन्सो या थोर नर्तकीच्या काळापासून सरकार फुकट शिकवतं. नर्तक कार्लोस अकोस्ता हवानातल्या ट्रकचालकाचा मुलगा. उनाडक्या करतो म्हणून बापाने बॅलेत घातला. तो १९९० मध्ये लोझानला पहिला आला आणि पुढे लंडन गाजवलं. आपल्याकडेच बघा, अमीरुद्दीन शाह आणि मनीष चौहान. एकाचे वडील वेल्डर, दुसऱ्याचे टॅक्सीचालक. मुंबईत येहुदा माओर या गुरूच्या हाताखाली तयार झाले, अमीरुद्दीन रॉयल बॅले स्कूलपर्यंत गेला, मनीष अमेरिकेला. त्या मुलांना 'दडपण आहे, जाऊ नका' म्हणून दाखवा. दडपण परवडणं हीही चैन असते.

कडुनिंब:
दादरकर, मुद्दा पटतो, पण एक बघा. तुमची तिन्ही उदाहरणं मुलग्यांची आहेत.

रावसाहेब_लीड्स:
कडुनिंब यांनी नेमकं पकडलं. माझा मुलगा बॅले करतो म्हणून आतून सांगतो. मुलं कमी, मुली शेकड्यांनी. त्याने उशिरा सुरू केलं तरी दार उघडं होतं. रशियन नर्तक नुरेयेव्ह सतराव्या वर्षी लेनिनग्राडच्या (आताच्या पीटर्सबर्गच्या) त्याच शाळेत शिरला आणि इतिहास घडवला. सतरा वर्षांच्या मुलीला तिथे कोणी फाटकाच्या आत घेतलं असतं का? माझ्या मुलाला शिक्षक जपतात, चुकला तरी सावरतात. त्याच वर्गातल्या मुलींना माहीत असतं की आपल्या जागेसाठी बाहेर रांग आहे. मुलांचं दुःख वेगळं, ते शाळेच्या मैदानावर मिळतं. त्याबद्दल कधीतरी.

वसुधाताई, एक व्यवहाराचं. मधला मार्ग आहे. इथे सरकारी मदतीवर चालणारी अनिवासी प्रगत प्रशिक्षण केंद्रं आहेत. शाळा नेहमीची, घर घरीच, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी नाच. मोठ्या शाळांचे शनिवारचे असोशिएट वर्गही असतात. आणि निवासीच ठरवलंत तर म्युझिक अँड डान्स स्कीम बघा, आईबापाच्या उत्पन्नानुसार फीला मदत मिळते. माझा मुलगा अशाच मधल्या मार्गाने जातोय. रात्री पोळी-भाजी खातो, बहिणीशी भांडतो. तेराव्या वर्षी एवढं असावं माणसाला.

सई_जर्सी:
अवांतर: रशियन नर्तकी अ‍ॅना पावलोव्हाचं उदाहरण कोणी दिलं नाही अजून? तिच्या काळात गुटगुटीत, दणकट नर्तकींची चलती होती, आणि ती काटकुळी, पाऊल फाजील कमानीचं, दुबळी समजली गेली. बुटाच्या तळाला टणक चामडं घालून तिने काम भागवलं. म्हणजे आदर्श शरीरसुद्धा बदलत जातं. तिच्यामुळेच पुढे सगळे काटकुळे झाले! भारतात आली तेव्हा तिनेच इथल्या लोकांना इथला नाच बघायला लावला. उदयशंकर १९२३ मध्ये तिच्याबरोबर लंडनला राधा-कृष्ण नाचले, आणि भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवींना घरच्या परंपरेकडे वळ म्हणाली तीच.

तत्कार:
अवांतर नाहीच हे. उलट धाग्याचं मर्म आहे. आज ज्या मोजमापाने मुली घरी जातात ते शंभर वर्षांपूर्वी वेगळं होतं.

वसुधा_रेडिंग:
सगळ्यांचे आभार. मी वाचतेय, उत्तर द्यायला उशीर झाला. तीन गोष्टी सांगते.

ऑडिशनला जायचं ठरलंय. न गेल्याचं खापर आयुष्यभर माझ्या डोक्यावर फुटण्यापेक्षा ते बरं, हा नवऱ्याचा युक्तिवाद मला खोडता आला नाही. शनिवारच्या वर्गांसाठीही अर्ज करतोय. निवड झाली तर काय, ते मात्र अजून हवेत आहे. लेकीला विचारलं की वर्षभराने घरी पाठवलं तर? ती म्हणाली, 'मग एक वर्ष तरी तिथे असेन ना.' यावर काय बोलणार?

कडुनिंब, शाळेला नेमकं काय विचारू? मला 'मुलांची काळजी कशी घेता' असा प्रश्न विचारायचा नाही, त्याचं उत्तर छापील असतं.

कडुनिंब:
बरोबर, तसा विचारूच नका. फिजिओ तपासणीत जे कळतं ते आधी कोणाला सांगतो, मुलीला आणि पालकांना की नृत्यशिक्षिकेला? हा माझा पहिला प्रश्न असतो. दुखणं सांगितलं की भूमिका जाते, हे मुलांना एकदा कळलं की मुलं सांगायचं बंद करतात. वजन कोण करतं, कशासाठी, आकडा कोणाला दिसतो? आहारतज्ज्ञ कायमची आहे की वर्षातून एकदा भाषणाला येते? मग शेवटी विचारा: मागच्या काही वर्षांत मधेच गेलेली मुलं आता काय करतात? ज्या शाळेला हे सांगता येतं तिने निदान त्यांची नावं लक्षात ठेवली आहेत. आणि जमलं तर शाळेने सुचवलेल्या पालकांशी बोलू नका, ज्यांची मुलं बाहेर पडली त्या पालकांशी बोला.

दादरकर:
हे प्रश्न छापून सगळ्या शाळांत न्यावेत, नुसत्या बॅलेच्याच नव्हे.

रावसाहेब_लीड्स:
+१. आणि अभ्यासाचं विचारा. तिथली मुलं दहावीच्या पातळीच्या परीक्षा नीट देतात का, विज्ञान शिकवतात का. मधेच परत आली तर नेहमीच्या शाळेत बसता आलं पाहिजे.

तत्कार:
वसुधा, सगळ्यांचं एकमत व्हायला लागलं म्हणून मी मुद्दाम वेगळं सांगते. मधला मार्ग ऐकायला छान वाटतो. पण सोळाव्या वर्षी वरच्या शाळेची दारं उघडतात तेव्हा जगभरातून मुली येतात, जपान, कोरिया, ब्राझील, आणि त्या रोज कित्येक तास घाम गाळून आलेल्या असतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी नाचलेली मुलगी त्यांच्यासमोर उभी राहील तेव्हा तिला तेरा नाही, सोळाव्या वर्षी नकार मिळेल, एवढाच फरक. मी असते तर पाठवलं असतं. डोळे उघडे ठेवून, कडुनिंब यांचे प्रश्न खिशात ठेवून, दर पंधरवड्याला जाऊन बसले असते तिथे. अर्धवट शिक्षण मला जास्त क्रूर वाटतं.

रावसाहेब_लीड्स:
असहमत. सोळाव्या वर्षीचा नकार पचवायला सोळा वर्षांचं मन असतं. तेराव्या वर्षी ते नसतं, आणि जवळ आईही नसते.

तत्कार:
रावसाहेब, तुमच्या मुलाला नकार मिळायची शक्यता किती, हे तुम्हीच वर लिहिलंय.

वसुधा_रेडिंग:
तत्कार, हाच मुद्दा नवऱ्याचा आहे. रावसाहेब, आणि हाच माझा. तुमचे दोन्ही प्रतिसाद त्याला वाचायला दिलेत, म्हणजे आज रात्री परत सुरुवातीपासून.